मोफत वकील कोल्हापुरात कसा मिळवायचा: वाटप, पोटगी, भाडं, सातबारा अशा दिवाणी कामांसाठी

कोर्टाचं समन्स हातात पडलं की घरात पहिला प्रश्न निघतो, 'वकिलाला पैसे कुठनं आणायचे?' त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: समन्स कोणत्या तारखेला मिळालं? पैशाची सोय कायद्यानं करून ठेवलेली आहे. उलटून गेलेल्या मुदतीची सोय मात्र कुणाकडं नाही. तेव्हा समन्स, नोटीस, आदेश जे काही आलं असेल त्याच्या पाठीमागं पेन्सिलनं मिळाल्याची तारीख लिहा, लखोटा फेकू नका आणि मग पुढचं वाचा.

मोफत वकील देणारा कायदा म्हणजे विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. कार्यालयात जाताना हात जोडून जायची गरज नाही. ही मदत मागणं हा हक्क आहे आणि तिथले कर्मचारीही तसंच धरून चालतात.

१. तुम्ही यात बसता का, ते आधी बघा

कायद्याच्या कलम १२ मध्ये पात्र लोकांची यादी आहे. यातल्या एका गटात बसलात तरी पुरे:

- स्त्री किंवा बालक
- अनुसूचित जाती, अनुसूचित जमातीची व्यक्ती
- दिव्यांग व्यक्ती
- औद्योगिक कामगार
- पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार, औद्योगिक दुर्घटना अशा आपत्तीत सापडलेली व्यक्ती
- मानवी तस्करीची किंवा वेठबिगारीची पीडित व्यक्ती
- कोठडीत असलेली व्यक्ती
- ज्यांचं वार्षिक उत्पन्न ठरवलेल्या मर्यादेत आहे असे कुणीही. महाराष्ट्रात ही मर्यादा ३ लाख रुपये आहे.

सगळ्यात जास्त गैरसमज इथंच होतो. उत्पन्नाची अट फक्त शेवटच्या गटाला आहे. बाई असेल तर तिचं उत्पन्न किती, नवऱ्याला पगार किती, हा प्रश्नच येत नाही. इचलकरंजीतल्या यंत्रमाग कामगारानं 'औद्योगिक कामगार' म्हणून अर्ज करावा. शिरोळ, हातकणंगले, करवीरमधल्या ज्या घरांत २०१९ आणि २०२१ चं पाणी शिरलं आणि त्यातून घराचा, जागेचा, भरपाईचा वाद उभा राहिला, त्यांनी पंचनाम्याची प्रत जोडून 'पूरग्रस्त' म्हणून अर्ज करावा.

ज्येष्ठांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कलम १२ च्या यादीत 'ज्येष्ठ नागरिक' असा वेगळा गट नाही. आजीबाई स्त्री म्हणून आपोआप बसतात, आजोबांना बहुतेक वेळा उत्पन्नाच्या गटातून यावं लागतं. म्हणून पुरुष अर्जदारांनी वयाचा पुरावा तर जोडावाच, पण नुसत्या वयावर विसंबू नये, उत्पन्नाचा कागदही सोबत ठेवावा.

काही प्रकारच्या कामांना ही मदत साधारणपणे दिली जात नाही: अब्रुनुकसानी, खोटी फिर्याद केल्याबद्दलचा दावा, न्यायालयाचा अवमान, निवडणुकीचे वाद. शिवाय प्रकरणात प्रथमदर्शनी काही तथ्य आहे का, हेही बघितलं जातं.

२. मुदतीचा हिशेब कागदावर मांडा

मोफत वकिलासाठी अर्ज केला म्हणून कोर्टाची मुदत थांबत नाही. हे वाक्य दोनदा वाचा. नेहमी लागणाऱ्या मुदती अशा:

- दिवाणी दाव्याचं समन्स मिळाल्यापासून कैफियत, म्हणजे तुमचं लेखी म्हणणं, देण्यासाठी ३० दिवस. न्यायालय कारण नोंदवून ती ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. त्यानंतर 'नो डब्ल्यूएस' झालं, म्हणजे कैफियतीशिवाय दावा पुढं चालवण्याचा हुकूम झाला, की तो उठवून घेण्यासाठी वेगळा अर्ज आणि बहुधा दंडही.
- दिवाणी न्यायाधीशाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील: ३० दिवस. निकालाची नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस यातून वजा होतात, म्हणून नक्कल अर्ज निकालाच्या दिवशीच टाकावा.
- मंडल अधिकाऱ्यानं फेरफार मंजूर किंवा नामंजूर केला तर त्यावर प्रांताकडं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडं, अपील: ६० दिवस.
- भाडं थकल्याच्या कारणावरून जागा खाली करण्याचा दावा आला असेल तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकलेलं भाडं, त्यावर सालिना १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरता येतो. पुढचंही भाडं वेळेवर भरत राहिलात तर त्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. वकील मिळेपर्यंत थांबण्यात हे ९० दिवस घालवलेले भाडेकरू पुष्कळ असतात.

फेरफाराचा उल्लेख मुद्दाम केला. मोफत वकील फक्त 'कोर्टातल्या' कामाला मिळतो असं लोक धरून चालतात. कायद्यात 'न्यायालय' या शब्दात महसुली न्यायालयं आणि न्यायाधिकरणंही येतात.

३. कुठं जायचं

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कसबा बावडा रस्त्यावरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात, न्यायसंकुलात आहे. जुनी माणसं अजून 'सीपीआरसमोरचं कोर्ट' म्हणतात आणि रिक्षा तिकडं नेतात. त्या जुन्या इमारतीत ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. तिथं तुमचा अर्ज घेतला जाणार नाही. केएमटीत बसताना 'बावड्याचं कोर्ट' असं सांगा.

दावा तालुक्याच्या कोर्टात असेल तर कोल्हापूरला यायचीही गरज नाही. तालुका पातळीवर तालुका विधी सेवा समिती असते. गडहिंग्लज, इचलकरंजी, जयसिंगपूर अशा ठिकाणी जिथं दावा चालू आहे, त्याच कोर्टात जाऊन 'विधी सेवा समितीचं टेबल कुठं' म्हणून विचारा. चंदगडहून कोल्हापूर म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस. तेवढा वेळ आणि गाडीभाडं वाचतं.

निकाल उच्च न्यायालयात न्यायचा असेल तर मदत उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडून मिळते. जिल्ह्याच्या कार्यालयात अर्ज दिला तरी ते तो पुढं पाठवतात.

जायच्या आधी काही विचारायचं असेल तर १५१०० हा देशभराचा मोफत कायदेशीर मदतीचा क्रमांक आहे. अर्ज राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरूनही भरता येतो. पण तारीख जवळ आली असेल तर समक्ष जावं, कारण कागद बघूनच नेमकं काय करायचं ते ठरतं.

एक फरक ध्यानात ठेवा. आवारात 'लोक अभिरक्षक कार्यालय' अशी पाटी दिसेल. ते फौजदारी प्रकरणातल्या आरोपींसाठी आहे. दिवाणी कामाला पॅनेलवरचा, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतला, वकील नेमला जातो, म्हणून त्या दारात रांग लावू नका.

४. सोबत न्यायचे कागद

- आधार कार्ड आणि राहत्या पत्त्याचा पुरावा
- ज्या गटातून अर्ज करताय त्याचा पुरावा: जातीचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, कामगार असल्याचा कागद, पंचनामा किंवा उत्पन्नाचा दाखला. स्त्रीला आधार कार्ड पुरतं.
- समन्स, नोटीस किंवा आदेश, आणि त्यासोबत आलेली दाव्याची प्रत. तिची सगळी पानं, मागची यादीसुद्धा.
- वादाचे मूळ कागद: सातबारा, आठ-अ, फेरफार उतारे, मिळकत पत्रिका, खरेदीपत्र, भाडेपावत्या, लग्नपत्रिका, जे लागू असेल ते.
- दोन पासपोर्ट फोटो
- एका कागदावर घटनाक्रम: तारीख आणि समोर एक ओळ. दहा ओळींत संपवा.

सगळ्यांच्या झेरॉक्स दोन प्रतींत. मूळ कागद फक्त दाखवायचे आणि पिशवीत परत ठेवायचे.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. अर्ज आपले सरकार केंद्रात किंवा सेतूत करायचा, गावचा ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचा तलाठी, त्याचा अहवाल जोडायचा. साधारण पंधरा दिवस धरा. तुमच्याकडं पंधरा दिवस नसतील तर अडून बसू नका. कलम १३ प्रमाणे उत्पन्नाबद्दल स्वतःचं प्रतिज्ञापत्र दिलं तरी ते पुरेसं धरता येतं, शंका घ्यायला जागा नसेल तर. या प्रतिज्ञापत्रासाठी 'पाचशेचा स्टॅम्प लागतोय' असं कोर्टाच्या बाहेर कुणी ना कुणी सांगतंच. सरकारी कार्यालयात आणि न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं.

आणखी एक अडचण म्हाताऱ्या आई-वडिलांची. दाखल्यात कुटुंबाचं उत्पन्न धरलं जातं आणि त्यात मुलाचा पगार येऊन आकडा तीन लाखांच्या वर जातो. भांडण तर त्याच मुलाशी असतं! कायद्याचे शब्द अर्जदाराच्या उत्पन्नाबद्दल आहेत. तेव्हा 'मुलगा अमुक सालापासून विभक्त राहतो, त्याच्याकडून मला काहीही मिळत नाही, माझं स्वतःचं उत्पन्न इतकं' असं प्रतिज्ञापत्रात स्वच्छ लिहावं.

५. अर्ज लिहायचा कसा

छापील नमुना कार्यालयात मिळतो. लिहिता-वाचता येत नसेल तर तिथले कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक तुमचं म्हणणं ऐकून अर्ज भरतात आणि अंगठा घेतात. स्वतः लिहिणार असाल तर मजकूर एवढाच हवा:

> प्रति,
> मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, कोल्हापूर
> विषय: दिवाणी दाव्यात मोफत वकील मिळणेबाबत
>
> मी (नाव), वय ६८, रा. (गाव), ता. करवीर. माझे वार्षिक उत्पन्न रु. (आकडा) आहे. माझ्याविरुद्ध (न्यायालयाचे नाव) येथे नियमित दिवाणी मुकदमा क्र. (क्रमांक) दाखल असून त्याचे समन्स मला दि. (तारीख) रोजी मिळाले. पुढील तारीख (तारीख) आहे. कैफियतीची मुदत दि. (तारीख) रोजी संपते. मला खासगी वकील देणे परवडत नाही. तरी वकील नेमून मिळावा, तसेच न्यायालय शुल्क व नकलांचा खर्च मिळावा, ही विनंती.

यात 'मुदत संपते' हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, त्याखाली रेघ मारा. चारपाच पानांची कैफियत इथंच लिहून काढायची हौस टाळा. भावानं काय केलं, वहिनी काय बोलली, ते वकिलाला सांगायचं.

शेवटच्या वाक्यातला खर्चाचा उल्लेखही विसरू नका. मोफत विधी सेवेत वकिलाची फी तर येतेच, पण न्यायालय शुल्क, समन्स बजावण्याचा खर्च, नकला, कागदपत्रांचं भाषांतर, मसुदा तयार करणं हेही येतं. झेरॉक्स आणि गाडीभाडं मात्र स्वतःचं धरून चाला.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

६. अर्ज दिल्यावर

निर्णय शक्यतो लगेच आणि जास्तीत जास्त सात दिवसांत व्हावा असं नियम सांगतो. मंजूर झाला की वकिलाच्या नेमणुकीचं पत्र निघतं, त्याची एक प्रत तुम्हाला मिळते. पॅनेलवरचा एखादा वकील तुमच्या माहितीतला असेल तर अर्जातच त्याचं नाव सुचवता येतं. विचार होऊ शकतो, पण हट्ट धरता येत नाही.

मध्येच तारीख पडली आणि वकील अजून नेमलेला नसेल तर घरी बसू नका. स्वतः कोर्टात हजर राहा, पुकारा झाला की उभं राहून शिक्का मारलेली प्रत दाखवा आणि 'मोफत वकिलासाठी अर्ज केलाय, मुदत मिळावी' असा दोन ओळींचा अर्ज द्या. गैरहजर राहिलं की एकतर्फी हुकूम होतो, आणि तो उठवण्याचं काम मूळ दाव्यापेक्षा कटकटीचं.

अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. त्यावर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडं, म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडं, अपील करता येतं.

७. वकिलाशी कसं वागायचं

नेमलेल्या वकिलाला मानधन प्राधिकरण देतं. पक्षकाराकडून त्यानं फी घ्यायची नाही. 'टायपिंगचे', 'साहेबांच्या माणसाचे' अशा नावानं कुणी पैसे मागितले तर सचिवांकडं लेखी तक्रार करावी. वकील तारखेला येत नसेल, फोन घेत नसेल तरी तेच: तारखांची यादी लावून वकील बदलून मागावा. तोंडी कुरबुरीचा काही उपयोग होत नाही.

वकीलपत्रावर सही करताना न्यायालयाचं नाव आणि दाव्याचा क्रमांक भरलेला आहे का ते बघा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कुणालाच द्यायचा नाही, वकिलालासुद्धा. मूळ कागद कोर्टात दाखल होतील तेव्हा ते कागदयादीसोबत जातात. त्या यादीची झेरॉक्स तुमच्याकडं हवी, म्हणजे पुढं परत मागताना भांडण नको.

विरुद्ध बाजूनं 'निशाणी ५' चा अर्ज दिलाय असं वकील म्हणाला तर समजा की तात्पुरत्या मनाई हुकमाची मागणी आहे, आणि त्यावर म्हणणं देण्याची घाई आहे. जमीन, घर, वहिवाटीच्या वादात खरी लढाई बरेचदा इथंच होते.

तारीख कळायला कोर्टात हेलपाटा मारायची गरज नाही. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्स ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख आणि आधीचे हुकूम दिसतात. घरातल्या पोराकडून एकदा ॲप टाकून घ्या.

मदत काढूनही घेतली जाऊ शकते: खोटी माहिती दिली, वकिलाला सहकार्य केलं नाही, किंवा गुपचूप दुसरा खासगी वकील लावला तर.

बायकांसाठी आणखी एक. महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनं पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि वैवाहिक वादातून आलेली मालमत्ता या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालय शुल्क माफ आहे. ही सवलत मोफत वकिलावर अवलंबून नाही. खासगी वकील लावला तरी ती मिळते.

८. मुलं सांभाळत नसतील तर: प्रांत कार्यालयाचा रस्ता

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ खाली अर्ज दिवाणी कोर्टात नाही, तर उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे प्रांताच्या न्यायाधिकरणाकडं जातो. तुमचा तालुका करवीर, इचलकरंजी, गडहिंग्लज अशा ज्या उपविभागात येतो त्या कार्यालयात. तुम्ही राहता तिथं किंवा मुलं राहतात तिथं, दोन्हीकडं अर्ज चालतो.

आई-वडिलांना वयाची अट नाही. इतर ज्येष्ठांना ६० वर्षं पूर्ण हवीत. मुलगा, मुलगी, सज्ञान नातू, नात यांच्याविरुद्ध मागणी करता येते. अपत्य नसेल तर जो नातेवाईक तुमची मिळकत वापरतोय किंवा तुमच्यामागं ती ज्याला मिळणार आहे, त्याच्याविरुद्ध. सून या व्याख्येत नाही, म्हणून केवळ सुनेच्या नावानं अर्ज टाकला तर तो तिथंच अडतो.

नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल लागावा, फार तर ३० दिवस वाढवून, असा कायदा आहे. रक्कम दरमहा जास्तीत जास्त १० हजार रुपये. मुलाची कमाई चांगली असेल आणि गरज मोठी असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (जुनं कलम १२५) न्यायदंडाधिकाऱ्याकडं अर्ज करण्याचाही पर्याय आहे. तिथं अशी कमाल मर्यादा नाही. दोन्हीकडं एकदम जाता येत नाही, एकच निवडावा लागतो. हे ठरवण्यासाठी विधी सेवा कार्यालयात आधी सल्ला घ्या, तोही मोफत असतो.

प्रांतापुढं वकील चालत नाही असं या कायद्याच्या कलम १७ मध्ये लिहिलेलं आहे. त्यावर उच्च न्यायालयांमध्ये वेगवेगळी मतं झाली आहेत, पण तुम्ही स्वतः बोलायच्या तयारीनंच जा. अर्ज लिहून घ्यायला विधी सेवा कार्यालयाची मदत होते. सोबत औषधांची बिलं, दवाखान्याचे कागद, किराणा, वीजबिल असा महिन्याचा खर्च एका पानावर मांडून न्या. मुलाची नोकरी, धंदा, जमीन याची जेवढी माहिती असेल तेवढी द्या. 'त्याला बक्कळ मिळतंय' याला पुरावा म्हणत नाहीत.

हुकूम होऊनही मुलानं पैसे दिले नाहीत तर वसुलीचा अर्ज त्या महिन्याची रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांत करावा. 'देईल देईल' म्हणत वर्ष काढलं की जुने महिने हातचे जातात. हुकूम मान्य नसेल तर ज्येष्ठांना ६० दिवसांत अपील करता येतं.

आता बक्षीसपत्राचं. घर मुलाच्या नावानं करून दिलं आणि वर्षभरात ताट वेगळं झालं, अशा तक्रारी घेऊन लोक येतात. कलम २३ खाली असं बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं, पण त्यासाठी 'सांभाळ करण्याच्या अटीवर' मिळकत दिली होती हे दिसावं लागतं. अट दस्तातच लिहिलेली असेल तर काम सोपं. नसेल तर त्याच वेळी झालेलं एखादं वेगळं लेखी कबुलीपत्र शोधा. तेही नसेल तर वाट बिकट आहे. म्हणून अजून दस्त केला नसेल तर दुय्यम निबंधकाकडं जाण्याआधी त्यात हे वाक्य घालून घ्या: 'लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचा हयातभर अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचारासह सांभाळ करण्याच्या अटीवर सदर मिळकत बक्षीस दिली आहे.' किंवा सरळ मृत्युपत्र करा. ते हयातीत कितीही वेळा बदलता येतं आणि घर तोवर तुमच्याच नावावर राहतं.

घरात मारहाण, उपासमार असा तातडीचा प्रकार असेल तर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा क्रमांक आहे. पोलिसांसाठी ११२.

९. लोकअदालत: जाण्याआधी हे माहीत असू द्या

बँकेचं थकीत कर्ज, वीजबिल, मोटार अपघाताची भरपाई, वाटपाचे दावे अशी प्रकरणं तडजोडीसाठी लोकअदालतीत ठेवता येतात. दावा दाखल नसला तरीही. फी नाही, आणि चालू दाव्यात आधी भरलेलं न्यायालय शुल्क तडजोड झाल्यास परत मिळतं. बँकेच्या थकबाकीत बरीच सूटही पदरात पडू शकते.

मात्र तिथं सही केलेल्या तडजोडीवर अपील नसतं. तो दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामाच धरला जातो. म्हणून कागद मराठीत वाचून घ्या. हप्ते किती, पहिला कधी, एक चुकला तर काय, सूट रद्द होणार का, हे चार मुद्दे त्यात शब्दांत आलेत का ते बघा. पटत नसेल तर सही न करता उठून यायची पूर्ण मुभा आहे. प्रकरण होतं तसं कोर्टात परत जातं, आणि तुमची बाजू त्यामुळं कमकुवत होत नाही.